पाऊस पडला की गोळी

आमच्या उदगिरात जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच पक्ष आहेत, उष्ण आणि थंड. आंबा उष्ण, गूळ उष्ण, पपई उष्ण. ताक थंड, सब्जा थंड, काकडी थंड. डोळे आले तर उष्णता, केस गळाले तर उष्णता. शेजारच्या गुंडप्पाचं पोरगं दहावीला गटांगळ्या खायला लागलं तेव्हा त्याच्या आईनं त्याच्या टाळूवर एरंडेल थापलं, कारण अभ्यास डोक्यातल्या उष्णतेनं जळून जातो. कुठली वस्तू कुठल्या पक्षातली हे ठरवायला शिकावं लागत नाही, ज्याच्या तोंडात जीभ आहे तो ठरवतो. माझ्या थोरल्या जावेच्या कॅन्सरच्या गोळीचा पक्षही असाच ठरला, आणि पुढचं सगळं त्यावरून झालं.

थोरली जाऊ म्हणजे दानम्मा अक्का. मी नीलाबाई, धाकटी. चौबाऱ्याजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि वर घर. दुकान थोरले दीर मडिवाळप्पा बघतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुष्काळ पडल्यापासून पितळेला कुणी विचारत नव्हतं, पण प्लास्टिकच्या टाक्या आणि घागरी हातोहात जात होत्या. देवापुढं उदबत्ती लावून अण्णा पाऊस पडू दे म्हणायचे, आणि खाली येऊन टाक्यांची नवी गाडी उतरवून घ्यायचे. दोन्हींत त्यांचा जीव खरा होता.

अक्काचं ऑपरेशन नांदेडला झालं. डावी बाजू काढली. मग केमोची ती सलाइनं, मग केस गेले, मग केस आले ते कुरळे आले. आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, छातीवर. ऑपरेशननंतर ती डबी सारखी एका बाजूला कलायला लागली. अक्का ती सरळ करत म्हणायची, "देवाला बसायला सपाट जागा झाली की." ऐकणाऱ्याला हसावं का रडावं कळायचं नाही, आणि ती मात्र हसत असायची. अशी ती बाई.

सगळं आटोपल्यावर नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी एक बारकी गोळी दिली. रोज एक, पाच वर्षं. हार्मोनचा उपचार आहे म्हणाल्या, आजार परत येऊ नये म्हणून. त्रास होईल, पण मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही बजावून सांगितलं. हार्मोन म्हणजे काय ते घरात कुणाला उमगलं नाही. सासूबाईंना, म्हणजे अव्वाला, बरेच दिवस वाटत होतं की त्याचा भजनातल्या पेटीशी काही संबंध असावा.

गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत अक्काच्या अंगात चूल पेटली. बसल्या जागी छातीतून गरम लोट उठायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा, चेहरा लालबुंद व्हायचा आणि मग घाम. सकाळी पूजा करून कपाळावर ओढलेली विभूती घामाबरोबर नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरायची. वाढताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, जंगमस्वामींच्या पाया पडताना, त्याला वेळकाळ नव्हता. मग तोच घाम गार पडायचा आणि तिला हुडहुडी भरायची. मग पंखा बंद, मग परत चालू. अण्णा जेवायलासुद्धा पंख्याच्या बटणाजवळच बसायला लागले.

झोप तुटली. सकाळी बोटं आखडलेली असायची, त्यामुळं भाकरी तव्यावर टाकताना फाटायची, आणि भाकरी फाटली म्हणून अक्का रडायची. केस गेले तेव्हा जी बाई रडली नाही ती ज्वारीच्या भाकरीसाठी रडायची. मला ते बघवायचं नाही. त्यात घरात पाण्याची बोंब. नळ कधी यायचा ते नळालाच माहीत, आणि घामानं भिजलेले ब्लाउज तर रोज निघायचे. अव्वा न्हाणीच्या दारात बसून म्हणायची, "आमच्या वक्ताला बायांना घाम येत नव्हता." तेवढं खरंच असावं, कारण अव्वा कधी चुकीचं बोलल्याचं अव्वाला आठवत नाही.

आता गुरुपादप्पांची ओळख करून द्यायला हवी. निवृत्त मुख्याध्यापक, अण्णांचे जिवलग, आणि 'उदगीर जिल्हा आणू' समितीचे अध्यक्ष. रोज संध्याकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर त्यांचा दरबार भरायचा. जिल्हा कधी होणार हे त्यांना मुंबईहून आधी कळायचं, आणि दरवेळी कळायचं. सव्वीस जानेवारीला होणार होता. एक मेला होणार होता. पंधरा ऑगस्टला तर सही झालीच होती, शाई वाळायची राहिली होती. तोवर गावातली निम्मी कामं 'जिल्हा झाला की' या खुंटीला टांगलेली. रस्ता? जिल्हा झाला की. नाली? जिल्हा झाला की. गुंडप्पाच्या पोराचं लग्नसुद्धा त्याच खुंटीला होतं, कारण जिल्ह्याच्या गावच्या मुलाला स्थळं चांगली येतात.

पाडव्याच्या दिवशी गुरुपादप्पा गाठी घेऊन घरी आले आणि अक्काला घाम सुटलेला बघितला. गोळीचं पाकीट मागून घेतलं. उजेडात धरलं, उलटसुलट केलं, वास घेतला.

"उष्ण हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"पोटात गेल्यावर आंग तापायलंय. मग थंड कशी आसंल? आन् उन्हाळ्यात उष्ण वस्तू देत न्हाईत. आंबासुदीक आपण पाण्यात भिजवून खातोत."

अण्णा विचारात पडले. "मग गोळीबी भिजवून दिली तर?"

"विरघळंल की."

"मग काय करावं?"

"काय करायचंय? सध्याला बंद ठेवा. पाऊस पडला की सुरू करा."

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारा, असं मी म्हटलं. गुरुपादप्पा म्हणाले, नांदेडला बसलेल्या बाईला उदगीरचा उन्हाळा काय माहीत. जणू नांदेडला बर्फ पडतो. मी आणखी बोलणार होते, पण अक्कानं माझा हात धरला. आत गेल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ दे नीला. मरायचं भ्या मला हाय. न्हाई आसं म्हणणार न्हाई. पण ह्या घामानं मी रोजच थोडी थोडी मरायलाव. दोन महिने झोपू दे मला." तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

गोळी देव्हाऱ्याखालच्या खणात गेली आणि तिच्या जागी काशाची वाटी आली. तळपायाला तूप लावायचं आणि काशाच्या वाटीनं घासायचं, म्हणजे अंगातली उष्णता तळव्यातून निघते. तूप काळं पडलं की समजायचं, निघाली. अक्काचं तूप काळं पडलं. सगळ्यांना आनंद झाला. मी गुपचूप माझ्या पायाला घासून बघितलं तर माझंही काळंच पडलं, आणि मला तर नुसती सर्दी होती.

गोळी थांबल्यावर काही आठवड्यांनी घाम कमी होत गेला आणि मग थांबला. ही गोळी बंद केल्याची करामत होती, पण श्रेय वाटीला मिळालं. अण्णांनी दुकानावर पाटी लावली, 'अंगातली उष्णता काढणाऱ्या अस्सल काशाच्या वाट्या. घरचा अनुभव.' घरचा अनुभव म्हणजे अक्का. बायका वाटी घ्यायला यायच्या आणि आधी वर येऊन अक्काची कोरडी मान बघून जायच्या. माळ्यावर धूळ खात पडलेल्या वाट्या निघाल्या आणि संपल्या. अण्णांनी नव्या मागवल्या. अक्का झोपत होती, भाकरी फाटत नव्हती, अव्वाचं पाणी वाचत होतं. घरात एवढं सुख होतं की पावसाची वाट बघणं आम्ही हळूहळू विसरून गेलो.

पाऊसही आम्हाला विसरला. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, पुष्यात ढग आले ते कर्नाटकात निघून गेले. पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल होती आणि झुलीखाली बरगड्या. भाद्रपदात एक दिवस मात्र सर आली. पत्रे वाजले, अंगणातली धूळ बसली, पोरं नाचली. अक्कानं खणातून गोळीचं पाकीट काढलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात छत्री झटकत गुरुपादप्पा आले. "ह्याला पाऊस म्हंता व्हय?" ते म्हणाले. "मडिवाळप्पा, जरा इचार करून बोला. पाऊस पडला आसं आपणच म्हणायलो तर दुष्काळाच्या यादीतनं तालुका उडंल. समितीचं म्हणणं हाय की पाऊस पडलेला न्हाई."

अंगणात चिखल होता, गुरुपादप्पांच्या चपलांना तो लागलेलाही होता, पण पाऊस पडलेला नव्हता. अण्णांनी अक्काकडं बघितलं. अक्कानं तांब्या खाली ठेवला आणि पाकीट परत खणात टाकलं. खरं सांगायचं तर तिलाही ते हवंच होतं, घामाची आठवण ताजी होती. पण पाकीट ठेवताना तिचा हात जरा रेंगाळला, तेवढं मी बघितलं.

नांदेडची तपासणीही तशीच राहिली. पहिली पोळ्यात बुडाली, दुसरी दिवाळीत. मग गुरुपादप्पांनी सांगितलं की आता एवढ्यासाठी अहमदपूरला गाडी बदलत हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज नाही, जिल्हा झाला की जिल्हा रुग्णालय येईल, आणि त्यात कॅन्सरचा वेगळा मजला आहे, नकाशा त्यांनी पाहिला आहे. म्हणजे गोळी पावसावर अडली होती आणि तपासणी जिल्ह्यावर. अक्काचा आजार तेवढा कशावरच अडलेला नव्हता. त्याला यायचं झालं तर तो कुणाला विचारून येणार नव्हता, आणि याच विचारानं माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. उदगीरला त्याचं दुःख वेगळंच झालं. गुरुपादप्पा पायरीवर उभे राहून म्हणाले, "बगा, लातूरला रेल्वे आन् आपल्याला टँकर. जिल्हा आसता तर आपल्यालाबी रेल्वे आली आसती." पाणी मिळत नाही याचा राग कमी आणि पाणी इतक्या दिमाखात मिळत नाही याचा जास्त. लगेच मंडप पडला, साखळी उपोषण सुरू झालं. मंडपात मोठा कूलर होता, आणि त्या कूलरला रोज पाणी मिळत होतं. उपोषणाला बसणाऱ्यांची त्यामुळं कधी वानवा पडली नाही. एका शुक्रवारी महिलांची पाळी ठरली आणि गुरुपादप्पांनी बॅनरवर सगळ्यात वर अक्काचं नाव घातलं. कॅन्सर झालेली बाई जिल्ह्यासाठी उपाशी बसते म्हटल्यावर वरच्यांचं काळीज हलेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच आठवड्यात गुणाबाई आली. गुणाबाई अर्धापूरची, केळीवाल्यांच्या घरातली. नांदेडच्या दवाखान्यात अक्काच्या शेजारच्या खुर्चीत तिला सलाइन लागायचं, तिथली ही मैत्री. तिचे मालक शेषेराव देवणी बैलांची जोडी बघायला उदगीरच्या बाजारात आले होते, ते बाजारात गेले आणि ही पत्ता विचारत आमच्याकडं. जिना चढून आली तीच घामानं निथळत. बसली, पदरानं मान पुसली, पाणी प्यायली, परत पुसली, आणि या सगळ्यात तिचं बोलणं एकदाही थांबलं नाही.

मग तिचं लक्ष अक्काकडं गेलं. "दानम्मा, तू लई गार दिसायलीस. तुला घाम येत न्हाई?"

"येत न्हाई."

"दवाई बदलून दिली का डॉक्टरीणबाईनं? मलाबी सांग की."

"बदलली न्हाई. बंद हाय." अक्का खाली बघत म्हणाली. "उष्ण पडायली होती. पाऊस पडला की सुरू करायची हाय."

गुणाबाईचा पदर हातातच राहिला. "कवापासून?"

"गेल्या वर्षीच्या पाडव्यापासून."

गुणाबाई गप्प झाली. ती गप्प होऊ शकते हे मला तेव्हाच कळलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्या हिकडंबी पाणी कमी पडलं, दानम्मा. निम्मी केळी सोडून दिली. पण जी ठिवली तिला रोज ठिबकनं पाणी द्यावंच लागतं. तिला सांगता येतं का, पाऊस पडंपरेंत दम धर मनून?" आणि परत मान पुसत हसली. "आमचे मालक मला म्हंतेत, तुझ्या आंगालाबी ठिबक बसवलंय. म्हणू दे. घाम पुसता येतो. ती लाल सलाइन मला परत नको गं."

लाल सलाइन म्हटल्याबरोबर अक्काचे डोळे मिटले. ते औषध अंगात जाताना कसं वाटतं हे त्या खोलीत त्या दोघींनाच माहीत होतं. गुणाबाईनं डझनभर केळी ठेवली, खाली आलेल्या मालकांना हाक मारत जिना उतरली.

"नीला," अक्का म्हणाली, "मी रोज चाचपते. उजवी बाजू, काखंत, मानंला. न्हाताना, कपडे बदलताना. सगळे म्हंतेत अक्का बरी झाली, आन् मी न्हाणीत उभी ऱ्हाऊन गाठी हुडकते. ह्या झोपंचा काय उपेग?" आणि ती रडली. भाकरीसाठी रडायची तसं नाही, आवाज न करता. मीही रडले. वर्षभर आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकाच घरात एकमेकींपासून लपवत होतो.

जेवताना तिनं अण्णांना सांगितलं की सोमवारी नांदेडला जायचं आहे आणि गोळी परत सुरू करायची आहे. "शुक्रवारचं उपोषण तर होऊ दे, नाव छापलंय," ते म्हणाले. मग चाचरत म्हणाले, "आन् घाम परत आला तर? दुकानावर पाटी हाय. बाया रोज विचारायलेत."

"मग पाटी काढा," अक्का म्हणाली.

अण्णा वाईट माणूस नाहीत. ऑपरेशनच्या वेळी नांदेडच्या दवाखान्याच्या जिन्यात बसून ते लहान पोरासारखे रडले होते. पण माणूस एकदा पाटी लावून बसला की त्याला ती खरी वाटायला लागते. ते हात धुवायला उठले.

शुक्रवारी उपोषण झालं. महिलांचं उपोषण म्हणजे घरचं सगळं आवरून, सगळ्यांना जेवू घालून, स्वतःही दोन घास खाऊन, सकाळी आल्या त्या संध्याकाळी निघाल्या. अक्कानं मात्र सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं. कूलरसमोर मानाच्या जागी तिला बसवलं होतं. संध्याकाळी भाषणं सुरू झाली. गुरुपादप्पांनी माईक घेतला आणि अक्काकडं हात करून सांगितलं की या माउलीनं काशाच्या वाटीनं कॅन्सरला पळवून लावलं, आता ती जिल्ह्यासाठी बसली आहे, आणि येत्या एक मेला जिल्हा होणार म्हणजे होणार, तोवर सर्वांनी संयम ठेवावा. टाळ्या झाल्या. मग लिंबू सरबताचा पेला अक्काच्या हातात दिला, पेपरवाला फोटोसाठी पुढं सरकला.

अक्कानं कमरेच्या बटव्यातून गोळीचं पाकीट काढलं. जुनंच पाकीट, त्याची तारीख आदल्या दिवशी मी दोनदा वाचून घेतली होती. एक गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि सरबताच्या घोटाबरोबर गिळली. माईक गुरुपादप्पांच्या हातात होता आणि चालू होता.

"काय घेतलात, दानम्मा?"

"गोळी."

"पण पाऊस पडला की घ्यायची ठरलं होतं की."

"पाऊस तुमी बगा, गुरुजी," अक्का म्हणाली. "जिल्हाबी तुमीच बगा. मला तेवढी फुरसत न्हाई."

सगळ्या मंडपाला ते ऐकू गेलं. मागं बसलेल्या बायकांत एक हसली, मग दुसरी. गुरुपादप्पांनी माईक बंद केला, आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना स्वतःहून माईक बंद करताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात अक्काचा गोळी घेतानाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'जिल्ह्यासाठी उपोषणास बसलेल्या महिलेची प्रकृती खालावली.'

सोमवारी आम्ही दोघी नांदेडला गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि मला बरं वाटलं, कुणीतरी रीतसर रागावायला हवंच होतं. मग त्यांनी तपासलं, छातीचे फोटो काढायला पाठवलं, रक्त घेतलं. दुपार उलटल्यावर म्हणाल्या, "आज तरी काही दिसत नाही. पण वर्षभर गोळी नव्हती, त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. आता सोडायची नाही आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत." अक्कानं मान हलवली. तिच्या हनुवटीखाली घामाचा थेंब जमला होता, पण तो भीतीचा असावा.

घामाबद्दल बाई जेवढ्या सविस्तर बोलल्या तेवढं आमच्याकडं कुणीच बोललं नव्हतं, आणि आमच्याकडं तर त्यावर सगळेच बोलले होते. गोळीची वेळ बदलून बघू. सुती कपडे, चहा-तिखट जरा कमी. बोटं-गुडघे आखडतात म्हणून बसून राहायचं नाही, रोज चालायचं. तरीही घाम सोसवेना झाला तर त्यालाही औषध आहे, पण मला विचारून. मनानं काढा नाही, चूर्ण नाही. घाम येतो म्हणजेच गोळी चालते, असंही समजायचं नाही. "त्रास सांगायला या. त्रास होतो म्हणून पळून जाऊ नका."

"आन् काशाची वाटी?" अक्कानं विचारलं.

"घासा की. तळव्यांना बरं वाटतं. गोळीऐवजी मात्र नाही."

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, नवरा-बायकोतला. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आले. ती आली तेव्हा तिच्या पिशवीत एक मलमाची नळी होती आणि चेहऱ्यावर लाज होती. "इतके दिवस मला वाटायचं, ते बी माझंच चुकलं," एवढंच ती म्हणाली.

वाटीबद्दल बाई काय म्हणाल्या ते मी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, 'बरं वाटतं' असं त्या स्वतः म्हणाल्या का. पाटीवर आता काय येणार ते मला कळून चुकलं.

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. ऊन उतरलं होतं, तरी फरशी तापलेली होती. बाकावर बसल्या बसल्या मी अक्काकडं बघितलं तर तिच्या गळ्यावर ओळखीचा लाल रंग चढत होता. गोळी घेऊन चारच दिवस झाले होते. गोळीचा घाम एवढ्यात परततो की नाही ते मला माहीत नाही, अहमदपूरचं ऊनही काही कमी नव्हतं. पण घाम आला. मानेवर आला, कपाळावर आला, विभूतीची रेघ ओघळली. मी चटकन पिशवीतून समितीचं पत्रक काढून तिला वारा घालायला लागले, त्यावर जिल्हा झालाच पाहिजे असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्या पत्रकाचा तेवढा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला.

शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिनं अक्काकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"लई घाम यायलाय बाई तुला," ती आशेनं म्हणाली. "पाऊस येतो का काय आता?"

अक्कानं छातीवर कललेली डबी सरळ केली आणि पदरानं तोंड पुसलं. वर्षभरात तिला एवढी निवांत मी पाहिली नव्हती.

"पाऊस न्हाई, आजी," ती म्हणाली. "गोळी हाय."